ग्रँड डिक्सन्स की व्हर्झास्का?
स्वित्झर्लंडमध्ये एकच धरण पाहायला वेळ असेल, तर माझं मत व्हर्झास्काला. ग्रँड डिक्सन्स उंचीत सरस: २८५ मीटर, १९६१ साली पुरं झालेलं. पण ते स्वतःच्या वजनावर पाणी अडवतं, म्हणून तळाशी तब्बल २०० मीटर जाड. लोकार्नोजवळचं व्हर्झास्का २२० मीटर उंच, तरी तळाशी जेमतेम २५ आणि माथ्यावर ७ मीटर! कमानीसारखं वाकवल्यामुळे पाण्याचा रेटा दोन्हीकडच्या कातळावर जातो. माथ्यावरून चालताना एका हाताला संथ पाणी, दुसऱ्या हाताला थेट दरी. तिथूनच लोक बंजी उड्या मारतात (हौस एकेकाची).

पाणीसाठ्यात मात्र डिक्सन्स जवळपास चौपट. झर्मॅटकडच्या हिमनद्यांचं पाणीसुद्धा बोगद्यांतून तिथे आणलंय. जायचंच तर सप्टेंबरअखेर जा, तलाव भरलेला असतो.