वजन बरोबर, चांदी खरी, नाणं खोटं

वजन 26.7 ग्रॅम. व्यास 38.1 मिलिमीटर. चुंबक चिकटत नाही आणि बोटाच्या टोकावर तोलून टिचकी मारली की आवाज खणखणीत. नाणं 1889 चा मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचा जुना चांदीचा डॉलर, मागे कार्सन सिटी टांकसाळीची ‘सीसी’ ही खूण. विकणाऱ्याने अकराशे डॉलर सांगितले, घेणाऱ्याने घासाघीस करून साडेनऊशेत सौदा केला. पुढे नाणं प्रमाणीकरणासाठी गेलं आणि शेरा आला: खूण नंतर बसवलेली आहे. म्हणजे हातात राहिला साधा 1889 चा डॉलर, तोही छेडछाड झालेला. त्यात शुद्ध चांदी साधारण 24 ग्रॅम. किंमत तेवढीच.

वजन, चुंबक, आवाज या सगळ्या धातूच्या परीक्षा आहेत आणि इथे धातू अस्सलच होता. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने 1889 साली दोन कोटींहून जास्त डॉलर पाडले, त्यांवर खूण नसते. कार्सन सिटीने त्याच वर्षी पाडले साडेतीन लाख. दोन्हींत फरक फक्त दोन इवल्याशा अक्षरांचा. दुसऱ्या एखाद्या स्वस्त नाण्यावरची अक्षरं कापून ती चिकटवायची, की काम झालं. नवशिक्या माणूस वजनकाटा घेऊन बसतो आणि नेमका इथेच गाफील राहतो.

ती जागा कशी पाहायची ते नीट सांगतो. नाणं उलटं करा. गरुडाखाली पानांची माळ आहे, तिच्या गाठीच्या खाली आणि ‘डॉलर’ शब्दातल्या डी-ओ या अक्षरांच्या वर खूण असते. दहापट मोठं दाखवणारं सराफी भिंग घ्या. दिवा डोक्यावर नको, एका बाजूने, अगदी खालून तिरपा यायला हवा. नाणं कडेने धरून सावकाश फिरवा. अस्सल खूण ठशातच कोरलेली असते, त्यामुळे अक्षर सपाट पृष्ठभागातून वर उठल्यासारखं दिसतं आणि फार न झिजलेल्या नाण्यावर चमक अक्षराच्या बुडापर्यंत अखंड जाते. चिकटवलेल्या अक्षराच्या बुडाशी केसासारखी काळपट फट दिसते. डिंक बाहेर आला असेल तर तो खरवडताना पडलेले बारीक ओरखडे दिसतात, आणि तेवढाच भाग आजूबाजूपेक्षा वेगळ्या रंगाचा असतो. जुन्या नाण्यावर फक्त खुणेभोवतीच चकाकी किंवा फक्त तिथेच काळं किटण, दोन्ही वाईट. संशय असेल तर विकणाऱ्याला विचारून नाणं शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवता येतं. चांदीला त्याने काही होत नाही, डिंक मात्र सैल पडू शकतो. नखांचं पॉलिश काढायचं द्रावण वापरू नका, त्यात तेल आणि सुगंध असतात. डिंकाऐवजी धातू वितळवून, सोल्डर करून खूण बसवली असेल तर ॲसिटोनने काहीच होणार नाही, तेव्हा भिंगच कामाचं.

1893 सालचं ‘एस’ खुणेचं, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचं नाणं आणखी महाग, कारण एकूण पाडलीच एक लाख. पण त्याची एक सोय आहे. सगळी एकाच दर्शनी ठशातून निघाली. पुढच्या बाजूला लिबर्टी या स्त्रीचा चेहरा असतो, तिच्या कपाळपट्टीवरच्या ‘लिबर्टी’ या अक्षरांतल्या ‘टी’च्या माथ्यावर एक बारीक, तिरकी, उठावाची रेघ असते. ती दिसली नाही आणि नाणं फार झिजलेलंही नाही, तर पुढे बोलू नका. उलटा प्रकार 1895 चा. बिनखुणेचं 1895 फक्त प्रूफ स्वरूपात, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेलं, 880 च. म्हणून त्याच वर्षीच्या ‘ओ’ (न्यू ऑर्लिन्स) किंवा ‘एस’ नाण्यावरची खूण घासून उडवतात. गाठीखाली खळगा किंवा घासल्याची सपाटी शोधा.

सरळसरळ बनावट नाणी पकडणं त्यामानाने सोपं. आधी वर्ष पाहा. कार्सन सिटीत 1886 ते 1888 मॉर्गन पडलेच नाहीत, तरी ‘1887 सीसी’ विकायला येतं. मग पाण्याची परीक्षा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा, दोऱ्याने नाणं पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा 2.6 ग्रॅमच्या आसपास दाखवेल. कोरडं वजन या आकड्याने भागलं की 10.3 यायला हवं. पितळ किंवा तांबं-निकेल असेल तर साडेआठ-नऊच्या आसपास येतं. काटा 0.01 ग्रॅम दाखवणारा हवा, आणि नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटलेले नकोत. ट्रेड डॉलरच्या, म्हणजे परदेशी व्यापारासाठी पाडलेल्या अमेरिकी चांदीच्या डॉलरच्या, नकलांचं तर हसू येतं: नाण्यावरच ‘420 ग्रेन’ लिहिलेलं असतं, म्हणजे 27.2 ग्रॅम, आणि काट्यावर भरतात बावीस-तेवीस.

प्रमाणीकरण करणाऱ्या कंपनीच्या प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीतलं नाणं म्हणून निर्धास्त राहू नका. डब्याही नकली निघतात, आणि त्यांवरचा क्रमांक कुठल्या तरी खऱ्या नाण्याचा असतो, म्हणून तो कंपनीच्या संकेतस्थळावर सापडतो. क्रमांक जुळला यावर थांबायचं नाही. तिथे फोटो असेल तर गालावरचे ओरखडे आणि कडेचे डाग एकेक करून ताडून पाहायचे.

विकणारा ‘दुर्मीळ, सगळे वितळवले’ म्हणेल. वितळवले हे खरं: 1918 च्या पिटमन कायद्याखाली 27 कोटींवर डॉलर भट्टीत गेले, आणि त्यातली बहुतेक चांदी इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या रुपयांसाठी घेतली. पण म्हणून समोरचं नाणं दुर्मीळ ठरत नाही. ‘आजोबांच्या पेटीतला न उघडलेला रोल’ हा दुसरा सापळा. कागदी गुंडाळीच्या टोकाला मुद्दाम एक सीसी दिसेल असं लावतात, आत सगळे झिजलेले 1921 चे. किंमत टोकाच्या नाण्यावरून लावू नका.

सौदा करताना पावतीवर वर्ष, खूण आणि ‘अस्सल नसल्यास पैसे परत’ हे लिहून घ्या, मुदतीसह. मित्र-नातेवाइकांना पाठवायच्या पद्धतीने पैसे देऊ नका, त्यात खरेदीदाराला संरक्षण नसतं. खोटं निघालं तर नाणं पुसू नका, घासू नका. आहे तसं, फोटोसकट, मुदतीत परत पाठवा. पैसे नाही मिळाले तरी ते दुसऱ्याला अस्सल म्हणून विकायचं नाही. आपल्याकडे नमुना म्हणून ठेवा, चिकटवलेल्या अक्षराची फट कशी दिसते ते नव्या माणसाला दाखवायला उपयोगी पडतं.