केबल मोडेम ठेवायचा, फायबर घ्यायचं, की गच्चीवर फाइव्ह-जी? सांगलीत ठरवताना

दिवसातून चारदा नेट जातं, मोडेमची पिन काढून घातली की येतं, आणि केबलवाला म्हणतो, "मोडेम गेलाय, नवा घ्या." नवा येतो, आठ दिवस बरा चालतो, मग पुन्हा तेच. कारण दोष बऱ्याचदा डब्यात नसतो, डब्यापर्यंतच्या वाटेत असतो.

म्हणून वेगाचा आकडा विचारण्याआधी एक गोष्ट विचारावी: घरापासून केबलवाल्याच्या ऑफिसपर्यंत वाटेत किती ठिकाणी वीज लागते? सांगलीत पावसाळ्यात लाइट जाणं नवं नाही, आणि कृष्णेला पूर आला की गावभाग, मारुती चौक, शामरावनगर भागात वीज मुद्दाम बंद करावी लागते. वाटेत विजेवर चालणारी पेटी जितक्या ठिकाणी, नेट जायची ठिकाणंही तितकीच.

आधी दोष कुठला ते पकडा

लॅपटॉप वायफायवर न ठेवता तारेनं जोडा. तीन पिंग (एखाद्या पत्त्याला हाक मारून ओ येते का बघणारी आज्ञा) सतत चालू ठेवा: एक मोडेमला (बहुतेक केबल मोडेमचा पत्ता १९२.१६८.१००.१ असतो), दुसरा कंपनीच्या गेटवेला, म्हणजे तिच्या जाळ्याच्या दाराला (वाटेतले पत्ते दाखवणाऱ्या ट्रेसरूट आज्ञेत आपल्या राउटरनंतर दिसणारा पहिला पत्ता), तिसरा ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला. मोडेमचाच पिंग तुटला तर दोष घरातला: लॅनची तार, राउटर किंवा अडॅप्टर. मोडेम बोलतोय पण गेटवे गप्प, तर काळ्या कोएक्स, म्हणजे केबल टीव्हीच्या, तारेकडे बघा. गेटवे ठीक आणि पुढेच अडतंय, तर बहुधा केबलवाल्यानं वरून घेतलेली बँडविड्थ अपुरी आहे. अशा वेळी मोडेम बदलणं म्हणजे पायाला लागलं असताना डोक्याला मलम.

नेट गेल्याची वेळही लिहून ठेवा. रोज रात्री आठ ते अकरा म्हणजे गर्दी. पाऊस सुरू झाल्यावर तासाभरात म्हणजे जॉइंटमध्ये पाणी. दुपारी उन्हात म्हणजे ढिला कनेक्टर किंवा तापलेला बूस्टर (वाटेत सिग्नल वाढवणारी विजेची पेटी). तुमच्या घरात इन्व्हर्टर चालू असूनही लाइट जाताच नेट गेलं, तर गल्लीतल्या बूस्टरला बॅकअप नाही.

केबल मोडेम: कधी ठेवावा

मोडेमचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की उघडतं त्या पानावर तीन आकडे पाहा. येणारा सिग्नल उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप) आत हवा. एसएनआर, म्हणजे गोंगाटापेक्षा सिग्नल किती मोठा, तो ३३ डीबीच्या वर हवा. आणि सगळ्यात बोलका आकडा म्हणजे मोडेम स्वतः पाठवतो ती पॉवर. ती ३५ ते ४९ च्या दरम्यान असेल तर ठीक. ५० च्या वर गेली तर मोडेम घसा फाडून ओरडतोय, कारण वाटेत कुठेतरी सिग्नल खाल्ला जातोय. लॉगमध्ये टी-३ टाइमआउटची रांग दिसली तर मोडेमनं हाक मारली पण ओ आली नाही, असा त्याचा अर्थ.

सिग्नल खाणारे चोर घरातच सापडतात. दोन फाट्यांचा स्प्लिटर प्रत्येक फाट्यावर साडेतीन डीबी घेतो, चार फाट्यांचा सात. आरजी-६ ही नेहमीची कोएक्स तार वरच्या फ्रिक्वेन्सीला ३० मीटरमागे साधारण साडेपाच डीबी गिळते. टीव्हीसाठी एकामागे एक स्प्लिटर लावून शेवटच्या फाट्यावर मोडेम बसवलेला असेल, तर तो रडणारच. घरात तार शिरते तिथे एकच दोन-फाट्यांचा स्प्लिटर लावा. एक फाटा थेट मोडेमला, दुसऱ्यावर सगळे टीव्ही.

मग कनेक्टर. तारेच्या टोकाचे, पिळून बसवलेले सगळे एफ-कनेक्टर कापून दाबून बसवायचे, म्हणजे कॉम्प्रेशनचे, लावून घ्या. मधली तांब्याची तार कनेक्टरच्या तोंडापुढे सुमारे ३ मिलिमीटर यावी, आतलं पांढरं इन्सुलेशन कनेक्टरच्या आतल्या तळाशी सपाट असावं, आणि बाहेरच्या जाळीचा एकही केस मधल्या तारेला लागू नये. खिडकीतून तार आत येण्याआधी खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून गळून पडेल, तारेवरून घरात येणार नाही. स्प्लिटरचे रिकामे फाटे ७५ ओहमच्या टोपीनं बंद करा. परतीच्या (घराकडून ऑफिसकडे जाणाऱ्या) मार्गावर गल्लीतल्या सगळ्या घरांचा गोंगाट एकत्र होतो, त्यामुळे शेजारच्यांचा उघडा फाटाही तुमचं नेट पाडू शकतो. हे तुमच्या हातात नाही, आणि कोएक्सची खरी दुखरी नस हीच आहे.

अडॅप्टर विसरू नका. दिवे लागतात, पण डाउनलोड सुरू होताच मोडेम रिबूट होतो, तर १२ व्होल्टचा नवा अडॅप्टर लावून पाहा. त्यावरचे अँपिअर जुन्याइतके किंवा जास्त हवेत, पिनचं अधिक-उणे तेच हवं.

हे सगळं होऊन आकडे सुधारले आणि आठवडाभर टिकले, तर मोडेम ठेवा. आकडे चांगले असूनही लाइट जाताच किंवा रोज रात्री नेट जात असेल, तर त्यात आणखी पैसे घालू नका.

फायबर: घेताना काय बघायचं

जीपॉन, म्हणजे एकच काच अनेक घरांत वाटणाऱ्या, फायबरमध्ये ऑफिस ते घर या वाटेत फक्त काच असते. मधल्या स्प्लिटरला वीज लागत नाही. म्हणून घरच्या ओएनटीला (फायबरचा मोडेम) मिनी यूपीएस आणि ऑफिसला बॅकअप असेल तर गल्ली अंधारात असतानाही नेट चालतं. ३० वॉट-तासांचा मिनी यूपीएस १० वॉट खाणाऱ्या ओएनटीला अडीच तासांच्या आसपास नेतो.

बसवणारा माणूस घरात असतानाच ओएनटीच्या पानावर येणारा प्रकाश पाहा. उणे १५ ते उणे २४ डीबीएम असेल तर उत्तम. नेहमीच्या उपकरणांची मर्यादा उणे २७. बसवतानाच उणे २६ दाखवत असेल तर सही करू नका. पुढे जरा वाकलं, जरा धूळ बसली की लाल दिवा. १:३२ स्प्लिटर एकटाच १७ डीबीच्या आसपास घेतो, त्यामुळे उरलेल्या वाटेत ढिसाळपणाला जागा थोडीच असते. हिरवा कनेक्टर निळ्याला जोडू देऊ नका: हिरव्याची टोकं ८ अंशांनी तिरकी घासलेली असतात, दोन्ही नीट भिडत नाहीत. दाराच्या चौकटीत तार काटकोनात मोडू देऊ नका. तोडलेल्या तारेच्या टोकात डोळा घालून बघू नका. लेझर दिसत नाही, पण असतो.

लाल एलओएस दिवा म्हणजे प्रकाशच येत नाही, बहुधा तार तुटली. पॉन दिवा नुसता लुकलुकत राहिला तर प्रकाश येतोय पण कमी आहे, किंवा नोंदणी होत नाही. फायबरची कमजोरी दुरुस्तीत आहे. कोएक्स कुणीही पोरगं शिडीवर चढून जोडतं, काचेला टोकं वितळवून जोडणारं स्प्लायसिंग मशीन लागतं. हंगामात उसानं शिगोशिग भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर आडवी लोंबणारी तार ओढून नेतात, तेव्हा मशीनवाला कोण आणि कुठून येतो हे आधीच विचारलेलं बरं.

एक फसवणूक ओळखा. काही ठिकाणी फायबर गल्लीतल्या पेटीपर्यंतच येतं आणि पुढे घरात साधी लॅनची तार. ती पेटी विजेवर चालते, तारेला १०० मीटरची मर्यादा आहे, आणि वीज कडाडली की पोर्ट जळतात. घरात येणाऱ्या तारेच्या टोकाला पारदर्शक क्लिप असेल तर ते घरापर्यंतचं फायबर नव्हे.

गच्चीवरचा फाइव्ह-जी

जिओनं सप्टेंबर २०२३ मध्ये एअरफायबर आणलं, एअरटेलचीही अशी सेवा आहे. सांगली सपाट असल्यानं टॉवर दिसण्याची अडचण डोंगरी गावांपेक्षा कमी. पण ३.५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीत अडतात, म्हणून बाहेरचा डबा टॉवरकडे तोंड करून गच्चीवरच हवा. आरएसआरपी (टॉवरच्या सिग्नलची ताकद) उणे ९० पेक्षा चांगला आणि एसआयएनआर (गोंगाटापेक्षा सिग्नल किती मोठा) १५ च्या वर मिळाला तर घ्या. आरएसआरपी उणे १०५ च्या खाली गेला तर नको. रात्री मोबाइलवाले तोच टॉवर वापरतात, वेग उतरतो. बऱ्याच प्लॅनला महिन्याला १ टीबीची मर्यादा असते, फायबरला सहसा ३३०० जीबी. सीसीटीव्हीचा डीव्हीआर पोर्ट उघडून बाहेरून बघत असाल तर सीजी-नॅटमुळे (अनेक ग्राहकांत एकच बाहेरचा पत्ता वाटणं) इथे तो दिसणार नाही. कंपनीचं क्लाउड अ‍ॅप वापरावं लागेल.

| | कोएक्स मोडेम | घरापर्यंत फायबर | फाइव्ह-जी |
|---|---|---|---|
| वाटेत वीज | गल्लीतले बूस्टर | नाही | टॉवर |
| पावसात | जॉइंट खराब | तार तुटली तरच | सहसा ठीक |
| आकाशातल्या विजेचा धोका | जास्त | काचेतून नाही | गच्चीच्या तारेतून |
| दुरुस्ती | सोपी, वारंवार | मशीन हवं, क्वचित | कंपनीच्या हाती |

कुणी काय घ्यावं

विश्रामबाग, कुपवाड भागात दोन फायबरवाले उपलब्ध असतील तर फायबर. गावभाग किंवा सांगलीवाडीत फायबरच, पण ओएनटी आणि त्याचा प्लग पहिल्या मजल्यावर घ्या, आणि केबलवाल्याला थेट विचारा: २०१९ आणि २०२१ च्या पुरात तुमच्या ऑफिसात पाणी शिरलं होतं का? हो म्हणाला तर त्यानंतर मशीन वर हलवलं का, हेही विचारा. पुराच्या दिवसांसाठी वेगळ्या कंपनीचं एक सिम असू द्या. मळ्यातल्या घरासाठी, जिथे खांबच नाहीत, तिथे फाइव्ह-जीला पर्याय नाही.

घेताना महिन्याच्या दरात १८ टक्के जीएसटी धरलाय का, सहा महिने किंवा वर्षाचे पैसे आगाऊ मागतात का, आणि ओएनटीची अनामत परत मिळते का, हे लेखी घ्या. तक्रार केली की डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, मागा. तो नसेल तर पुढे कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येत नाही. जुनं कनेक्शन नवं बसल्याच्या दिवशीच तोडू नका, एक महिना दोन्ही चालवा. मग मोडेम परत देताना त्याच्या सिरीयल नंबरसह पावती घ्या.