एक मोसम सड्यावर: दुर्बिणीच्या पैशात घेतलेला ट्रॅकर

दुर्बिणीसाठी साठवलेले पैसे मी शेवटी ट्रॅकरला, म्हणजे ताऱ्यांच्या चालीने कॅमेरा फिरवणाऱ्या यंत्राला लावले. नोव्हेंबर ते मे असा अख्खा मोसम देवगडजवळच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, रात्रीच्या आकाशाचे फोटो काढण्यात गेला, तेव्हा आता खात्रीने लिहितो: या नादातल्या नवख्याने हेच करावं.

पहिले दोन महिने ट्रॅकरही नव्हता. सेकंडहँड कॅनन ६००डी, ५० मिमी एफ १.८ लेन्स, घरातला ट्रायपॉड आणि टायमर रिमोट. ६००डीचा पडदा बाहेर काढून वळवता येतो, डोक्यावरचा तारा फोकस करताना त्याचं मोल कळतं. आकाश तासाला १५ अंश सरकतं, त्यामुळे या जोडीवर ६ सेकंदांपुढे तारे लांबट होतात. मी ५ सेकंदांचे ३०० फोटो काढून डीपस्कायस्टॅकर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचले. २५ मिनिटांचा प्रकाश जमला आणि मृगातला तेजोमेघ, म्हणजे चमकणारा वायूचा ढग, पंख पसरलेला दिसला. त्या रात्री मला झोप आली नाही. हा नाद आपला आहे की नाही हे ज्याला पाहायचंय, त्याने एवढ्यावरच थांबावं.

जानेवारीत ट्रॅकर आला. जुन्या १३५ मिमी मॅन्युअल लेन्सला एरवी २ सेकंद मिळाले असते, आता ६० ते ९० सेकंदांतही तारे गोल येतात. मात्र ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि देवगडला ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १६ अंशांवर. उत्तरेला आंब्याची कलमं किंवा माड असले की तो दिसतच नाही, म्हणून उघडा सडा हवा. अक्ष इतका आडवा होतो की कॅमेऱ्याचा तोल सांभाळणारा वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला अडतो. पाय फिरवून दांडा दोन पायांच्या मधल्या मोकळ्या जागेत आणला की काम होतं. जांभ्या दगडावर ट्रायपॉड हलत नाही. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, तो खचतो आणि अर्ध्या रात्रीत ध्रुव सुटतो.

खरी लढाई दंवाशी. मतलई वारा, म्हणजे रात्री जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, वाहत असतो तोवर ठीक. तो पडला की तासाभरात लेन्स धुरकट होते, आणि तारे फुगलेले दिसेपर्यंत आपल्याला पत्ताही लागत नाही. कापडाने पुसू नका, पुन्हा धरतं, शिवाय काचेवर ओरखडे पडतात. पॉवर बँकेवर चालणारी हीटर पट्टी लेन्सभोवती गुंडाळा. माझ्या सगळ्या सामानात ही सर्वांत स्वस्त, आणि तिच्याशिवाय मी आता घर सोडत नाही. परत आल्यावर ट्रायपॉड गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसतो, नाहीतर खाऱ्या हवेने स्क्रू धरतात.

आपल्याकडच्या दक्षिणेबद्दल मात्र भरभरून लिहायला हवं. नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ युरोपातल्या बहुतेकांना दिसतच नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तो समुद्राच्या वर २६ अंशांपर्यंत चढतो. १३५ मिमीवर तो लहानच येतो, पण कडेचे तारे सुटे दिसतात. त्याहून खाली, १४ अंशांवरचा कॅरिना तेजोमेघ मला दोनदा हुकला. एकदा धुरकटपणा, एकदा मच्छीमार बोटींचे दिवे. आणखी एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: साध्या डीएसएलआर कॅमेऱ्यातला फिल्टर हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवतो, त्यामुळे असे तेजोमेघ फिके येतात. कृत्तिका, देवयानी दीर्घिका आणि तारकागुच्छांना त्याची फारशी झळ लागत नाही. पहिल्या वर्षी तेच धरा.

आता पावसाळा. गेल्या वर्षी ५० मिमीची लेन्स बॅगेतच राहिली आणि सप्टेंबरात कडेला बुरशीचं जाळं दिसलं. ती साफ करायला गेलेल्या पैशात दोन हीटर पट्ट्या आल्या असत्या. यंदा सगळं हवाबंद डब्यात, सोबत निळी सिलिका जेल. ती गुलाबी झाली की मंद आचेवर जुन्या तव्यात गरम करून पुन्हा निळी करतो. दर रविवारी डबा बघतो. ऑक्टोबरात आभाळ उघडलं की पहिली रात्र देवयानीची, ९० सेकंदांचे फोटो, निदान दोन तासांचे.