पेटीवर २० वॉट, पण कोणत्या तारेवर?

पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेला हा क्यूआरपी (कमी पॉवरचा) अँटेना ट्यूनर, म्हणजे ट्रान्समीटर आणि अँटेनाची तार एकमेकांशी जुळवणारी पेटी, आषाढापासून वापरतोय. तळहाताएवढी पेटी, दोन नॉब, कॉइलचा एक स्विच. कंपनीचं नाव पुसलंय, '२० वॉट' तेवढं वाचता येतं. हॅम रेडिओचा परवाना रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा, म्हणजे ५० वॉटच्या वर तसंही जायचं नाही. रिग (ट्रान्समीटर) २० वर आणला आणि निर्धास्त झालो.

पहिल्याच आठवड्यात, ७ मेगाहर्ट्‌झवर छान जुळलेला एसडब्ल्यूआरचा (अँटेनाकडून परत येणारी पॉवर दाखवणारा) काटा एकदम उडाला. आतून तडतड, मग करपट वास. पेटी उघडली तर आत ट्रान्झिस्टर रेडिओत असते तसली प्लास्टिकच्या पापुद्र्याची गँग (फिरवून कमीजास्त करायचा कपॅसिटर). मेनरोडजवळचे रेडिओ दुरुस्त करणारे काका बघून हसलेच. "अरे, ही रिसीव्हरची गँग. हिच्यातून ट्रान्समीटर चालवतोस होय?"

पण खरा दोष माझ्या तारेचा होता. गच्चीवरच्या टाकीपासून नारळापर्यंत बरोबर २० मीटर, म्हणजे ७ मेगाहर्ट्‌झची अर्धी तरंगलांबी! अशा तारेच्या टोकाला रोध काही हजार ओहम असतो. २० वॉटना ५० ओहमवर जेमतेम ३२ व्होल्ट होतात, ३००० ओहमवर तेच २४५, आणि शिखर ३४६. पेटीवरचा आकडा बहुधा ५० ओहमच्या आसपासचाच धरलेला असावा.

तार साडेबारा मीटर केली. काकांनी वाल्व रेडिओच्या हवेच्या दोन गँग दिल्या. टी जोडणीत (दोन गँग ओळीत, मधून कॉइल डब्याला) त्यांची बॉडी डब्याला टेकून चालत नाही, म्हणून खाली अ‍ॅक्रिलिक आणि नॉबला प्लास्टिकचा दांडा. हे सगळं मूळ पेटीत मावेना, म्हणून घरातला फराळाचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा गेला. (दिवाळीत त्यावरून ऐकून घेतलं.) आता जुळवताना दोन्ही गँग जितक्या मिटलेल्या ठेवता येतील तितक्या ठेवतो. गँग उघडी, कपॅसिटी कमी, की तिच्यावरचा व्होल्टेज चढतो.

पावसाळ्यात पात्यांवर धूळ आणि ओल बसली की तडतड परत सुरू होते. मऊ ब्रश आणि हेअर ड्रायरवर भागतं.

कॉइलची गोष्ट वेगळी. बोलताना ती थंड राहते. एफटी-८ वर (कॉम्प्युटरने छोटे संदेश पाठवायची पद्धत) मात्र एकाआड एक १५ सेकंदांच्या फेरीत जवळपास १३ सेकंद सलग पूर्ण पॉवर जाते, आणि पाचव्या फेरीला टोरॉइडला (कॉइलच्या कड्याला) बोट लावता येत नाही. तिथे ५ वॉटच.

१४ मेगाहर्ट्‌झवर अजून रुसतो. डब्यावर मार्करने १० वॉट लिहून ठेवलंय.