मुलीचं जीपीएस घड्याळ: सात महिने, दोन केबली आणि दहा नंबर

आज सकाळी दुसरी केबलही मेली, म्हणून हे लिहायला बसले. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चार-साडेचार हजारांतली ही घड्याळं सगळी एकाच साच्यातली. सिम, एसओएसचं म्हणजे मदत मागायचं बटण, ॲपवर नकाशा, फोन लावायच्या दहा नंबरांची यादी. बाकी तुम्हाला माहीत असेलच. गणपतीच्या आधी ४,२९९ मोजले. सिमचं रिचार्ज वेगळं, ते दर महिन्याला टोचतं. स्वस्तात मिळतंय म्हणून २जी घड्याळ तेवढं घेऊ नका, त्यात जिओचं सिम चालत नाही.

आमचं घर मालवणजवळ देवबागला. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मधे चिंचोळी पट्टी आणि दिवाळीपासून मेपर्यंत दारातून पर्यटकांची वर्दळ. घरात दोन खोल्या भाड्याने देतो, जेवण मी करते. नवरा बोटीवर. लेक सहा वर्षांची आणि तोंडाने वाजत असते. कोणी चॉकलेट देतो, कोणी सेल्फी काढतो, कोणी ‘येतेस का डॉल्फिन बघायला’ म्हणतो. मी कालवणात अडकलेली. धास्ती होती ती या अनोळखी माणसांची.

आधी केबल. चार्जिंगला मागे लोहचुंबकाने चिकटणारी केबल, तिला सुईच्या टोकाएवढ्या चार पिना. दीड महिन्यात त्यातल्या दोन हिरव्या पडल्या. पोर खेळून येते, मनगट घामेजलेलं, हवेत मीठ. घड्याळ तसंच ओलं चार्जिंगला लावलं की त्या खारट ओलाव्यातून करंट जातो आणि पिन खाल्ली जाते. हे मला कंपनीने नाही, मालवणातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्या पोराने सांगितलं. कंपनीच्या बाई फोनवर म्हणाल्या, “मॅडम, गंज वॉरंटीत बसत नाही.” मी म्हटलं, खोक्यावर आयपी ६७, म्हणजे पाणी आत जात नाही, असं लिहिलंय ना? तर ते गोड्या पाण्यासाठी. मीटरभर पाण्यात अर्धा तास. किनाऱ्यावर विकताना हे कोणी सांगत नाही. नवी केबल ४४९ रुपये, कुरिअर वेगळं. तेवढ्यात आमच्याकडे एक सुरमई थाळी होते! पेन्सिलीच्या खोडरबराने पिना घासल्या की आठवडाभर चालतं. घासायच्या, फडक्याने पुसायच्या, पंख्याखाली दहा मिनिटं ठेवायच्या, मग लावायचं. सात महिन्यांत मी लेकीच्या केसांपेक्षा या पिना जास्त विंचरल्या असतील.

नकाशाचं म्हणाल तर उघड्यावर ठीक. घरात शिरलं की जीपीएस मिळत नाही, मग घड्याळ टॉवरवरून अंदाज बांधतं. एका संध्याकाळी लेक थेट भोगव्यात दाखवली. खाडीपलीकडे! पोटात गोळा आला. नवऱ्याला फोन, होडीवाल्याला फोन. आणि लेक शेजारच्या पडवीत मांजराची पिल्लं मोजत बसलेली.

दुसरी खोट माझ्या मते केबलपेक्षा मोठी, पण तिच्याबद्दल कोणीच ओरडत नाही. एसओएसच्या यादीत मला १०९८ घालायचा होता. मुलांसाठीची हेल्पलाइन, चोवीस तास, फुकट. ॲप म्हणतं, “दहा अंकी क्रमांक टाका.” आणीबाणीचा ११२ पण घेत नाही. मुलांच्या सुरक्षेच्या नावाने विकायचं आणि मुलांचाच नंबर घ्यायचा नाही. तीन मेल टाकले, तिन्हींना “आपला अभिप्राय मोलाचा आहे.”

इथपर्यंत मी दोन तारे देऊन मोकळी झाले असते. पण ती दहा नंबरांची यादी.

गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलं होतं. एका दुपारी मी लेकीला मांडीवर घेऊन यादी भरत होते. म्हटलं, तूच सांग कोणाकोणाला घालूया. आई, बाबा, आजी, मावशी, शाळेतल्या बाई. मी मुंबईहून आलेल्या, नवऱ्याच्या एका चुलत काकांचं नाव घेतलं. ती म्हणाली, “ते नको. ते गुदगुल्या करतात. नको म्हटलं तरी थांबत नाहीत.”

हे मी रोज बघत होते. पडवीत सगळे बघत होते, हसत होते. ती ओरडायची ते आम्हाला खेळातलं वाटायचं.

आणखी काही आहे का ते तिच्या तोंडात शब्द न घालता दोन दिवसांत विचारलं. नव्हतं. पण त्या यादीवरूनच पुढचं सगळं बोलणं निघालं. चड्डीच्या आतले भाग कोणाचे, त्यांची खरी नावं काय, आंघोळ घालताना किंवा आईसमोर डॉक्टरांनी तपासताना सोडून कोणी हात लावायचा नाही आणि बघायचंही नाही, कोणी ‘आईला सांगू नको’ म्हणालं की तेच आधी सांगायचं. “तुझ्या आवशीन धाडल्यान” (आईने पाठवलंय) म्हणणारा ओळखीचा असला तरी घरातला खुणेचा शब्द विचारायचा. शब्द तिनेच निवडलाय, अर्थात इथे लिहीत नाही. मी पर्यटकांवर डोळा ठेवून होते. पोलिसांच्या आकडेवारीत वर्षानुवर्षं मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या दहातल्या नऊहून जास्त प्रकरणांत माणूस ओळखीचाच असतो, हे ऐकून माहीत होतं, पण आपली पडवी त्यात धरायची असते हे सुचलं नव्हतं.

काकांना नवऱ्याने सांगितलं. ते फुगले. मला म्हणाले, “माजो नंबर खंय आसा ह्याच्यात?” सासूबाई म्हणाल्या, गुदगुल्यांवरून कोणी एवढं करतं का, घरातली गोष्ट घरात ठेवावी. गुदगुल्या घरात ठेवते. पण त्यापुढचं काही कळलं असतं, तर मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, घरच्यांनासुद्धा, हे मी त्यांना तेव्हाच सांगून ठेवलं. त्या दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

का बोलत नाहीत तेही घड्याळानेच कळवलं. त्यात गुपचूप ऐकण्याची सोय आहे: घड्याळ वाजत नाही, पण तिकडचं बोलणं आपल्या फोनवर ऐकू येतं. एकदाच वापरली. लेक आजीजवळ बसलेली आणि विषय माझा. जर्मनीने ही सोय असलेल्या मुलांच्या घड्याळांवर २०१७ सालीच बंदी घातली. मी ती बंद केली. पोरीला सांगायचं गुपितं ठेवू नको आणि स्वतः चोरून ऐकायचं, हे मलाच पटेना.

पहिली केबल मेली तेव्हा घड्याळ तीन आठवडे कपाटात पडून होतं. तेवढ्यात यादी कागदावर उतरवून फ्रिजवर लावली. त्यात १०९८ सगळ्यात वर, कारण कागद दहा अंक मागत नाही. लेकीने माझा नंबर गाण्यासारखा पाठ केलाय, चार-चार-दोन अशा तुकड्यांत. नावं बदलायची मुभा तिला आहे. मागच्या महिन्यात मी लाडू दिले नाहीत म्हणून मलाच खोडलं होतं.

शिमग्याला काका आले. पडवीत बसल्या बसल्या तिला म्हणाले, “आता गुदगुल्यो करूक पण परवानगी लागता काय गो?” “व्हय,” ती म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. त्यांचं नाव अजून फ्रिजवर नाही.

तर तारे तीन. त्यातला एक यादीचा. किनाऱ्यापासून लांब राहत असाल तर अर्धा वाढवून धरा. तिसरी केबल मी कार्टमध्ये टाकून ठेवली आहे, ४४९ अधिक कुरिअर. अजून पैसे भरलेले नाहीत.