भिंतीवरचा बेंचमार्क की डोंगरावरचा पिलर?

मँचेस्टरला नुकतीच गेलेली भाची विचारत होती: ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशे बनवणाऱ्या संस्थेच्या जुन्या खुणा शोधायच्या आहेत, सुरुवात कोरीव बेंचमार्कपासून (उंची नोंदवणारी भिंतीवरची खूण) करू की ट्रिग पिलरपासून (डोंगरमाथ्यावरचा मोजणीचा खांब)?

खर्च वाचवण्यात बेंचमार्क सरळ पुढे. चर्च, पूल, जुनी घरं यांच्या भिंतीवर, बहुधा गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक आडवी रेघ आणि खालून तिच्याकडे टोक केलेला बाण. समुद्रसपाटीपासूनची उंची मोजलेली असते ती रेघेची. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुने नकाशे ऑनलाइन फुकट ठेवलेत, त्यांवर ‘बी. एम.’ आणि फुटांतला आकडा दिसला की तिथे जाऊन भिंत न्याहाळायची. पिलरसाठी गाडीभाडं, चांगले बूट आणि बहुतेकदा अख्खा दिवस लागतो.

खात्रीने सापडतो मात्र पिलर. १९३६ पासून असे सुमारे साडेसहा हजार उभारले, साधारण चार फुटी, बहुतेक काँक्रीटचे. बाजूच्या धातूच्या पट्टीवरच्या क्रमांकावरून ओळखही पटते.

टिकण्यात बेंचमार्क कच्चा. एके काळी सुमारे पाच लाख होते. भिंत पाडली किंवा वर गिलावा चढला की खूण गेली. १९९३ नंतर पारंपरिक पद्धतीची नवी खूण कोरलेली नाही, त्यामुळे गेलेली परत येत नाही. म्हणूनच माझा ओढा तिकडे. उरलेल्यांचे फोटो आताच काढून ठेवायला हवेत.

शहरात राहणं, हाताशी तासभर, सोबत लहान मूल असेल तर बेंचमार्क. खासगी भिंत असेल तर घरमालकाला आधी विचारायचं. चढाईची हौस असेल तर पिलर.