सेंटो कार्यशाळा, परभणी: ३५० रुपयांत उसन्या ओळी

सेलूत माझं लग्नपत्रिका अन् फ्लेक्सचं दुकान आहे. २६ वर्षं दुसऱ्याच्या ओळी छापूनच पोट भरतोय. त्यामुळं परभणीत उसन्या ओळींच्या कवितेची कार्यशाळा आहे म्हणल्यावर बायको म्हणाली, "तुम्हाला तिथं अजून काय शिकवणारेत?" रविवार, ११ ते ३, फी ३५०. गेलो बगा.

पहिला तास सत्कारात गेला. शाल, नारळ, प्रास्ताविक, प्रास्ताविकाबद्दल आभार. पोहे मात्र गरम होते.

मग शिकवणाऱ्या ताई उभ्या राहिल्या अन् पैसे वसूल व्हायला लागले. प्रकाराचं नाव सेंटो. सगळ्या ओळी दुसऱ्यांच्या, आपण फक्त निवडायच्या अन् जोडायच्या. शब्द बदलायचा नाही, फार तर स्वल्पविराम इकडचा तिकडं. लॅटिनमध्ये सेंटो म्हणजे ठिगळं जोडून शिवलेलं वस्त्र. आपली वाकळच की. चौथ्या शतकात ऑसोनियस नावाच्या कवीनं व्हॅलेंटिनियन बादशहाच्या सांगण्यावरून त्याच्या आधी होऊन गेलेल्या व्हर्जिल या कवीच्या ओळींचे तुकडे जोडून कविता केली, अन् तीही लग्नाची! मी सावरून बसलो. आमच्या धंद्याचा मूळपुरुष रोमन निघाला. लागोपाठच्या दोन ओळी तशाच्या तशा उचलणं त्याला लेचंपेचं वाटायचं, हेही ताईंनी सांगितलं. एका गुरुजींनी विचारलं, उर्दूतली तजमीन ती हीच का? ताई म्हणाल्या, तिथं दुसऱ्याच्या शेराला आपल्या ओळी जोडतात, इथं आपली एकही नसते.

आता तक्रार. प्रत्येकाला ६० ओळींचा झेरॉक्स कागद दिला. टोनर संपत आलेला, उजवीकडची अक्षरं फिकी, ते एक असो. पण एकाही ओळीखाली कवीचं नाव नाही. आमच्याकडं पत्रिकेत एका चुलत्याचं नाव राहिलं तर लग्न बाजूला राहतं अन् भांडण दुकानात येतं. इथं ६० ओळींचे धनी गायब! मी विचारलं तर एक संयोजक म्हणाले, "वेळ नव्हता हो." सत्काराला तासभर होता. वाकळीतलं ठिगळ बघून आजी सांगायची, हे थोरलीच्या लुगड्याचं, हे तुझ्या आज्याच्या धोतराचं. ते कळलं नाही तर नुसती चिंधी राहते.

म्हणून मी तो कागद बाजूला सारला. ज्या ओळी कुणा एकाच्या नाहीत, अशा मला तोंडपाठ आहेत. जोडलं ते असं:

कळविण्यास अत्यंत दुःख होते की
आमची कोठेही शाखा नाही.
नजरचुकीने पत्रिका न मिळाल्यास
आज रोख, उद्या उधार.
आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!

खरा घाम त्या 'की'नं काढला. निधनवार्तेत 'की' नंतर 'आमचे तीर्थरूप' येतं, हाताला तीच सवय. तिथं आधी 'चपला बाहेर काढाव्यात' लावून पाहिलं, नुसता विनोद झाला. 'आहेर आणू नये' लावलं, तोही विनोदच. मग दुकानाच्या पाटीवरची शाखा आणून ठेवली अन् गप बसलो. वाचल्यावर सगळे हसले. शेजारच्या एक बाई तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दुसरी ओळ निपुत्रिक माणसाची आहे ना?" मी ती पाटी शंभरदा तरी छापली असेल, माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. चौथी ओळ अजून नीट बसलेली नाही, हे मलाही कळतं.

ताईंना पाचपैकी साडेचार, संयोजनाला दोन. पुढच्या वेळी ओळींखाली नावं घालणार असतील तर कागद मी फुकट छापून देतो, तसं सांगून आलोय. ओळी कापायला २२ जणांत कात्र्या तीन होत्या, त्यातली एक बोथट. जाणार असाल तर घरून न्या.